चानकीचा आवाज

मी चौथी शिकलेला माणूस. अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं. पण आता बोलता येत नाही, म्हणून लिहितो. नगरच्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, गळ्याचं ऑपरेशन ठरलं की माणसं घाबरून पळून जातात, परत येतच नाहीत. तुमचं कसं कसं झालं ते लिहून द्या. आम्ही त्यांना वाचून दाखवू." म्हणून हा खटाटोप.

आधीच सांगतो, यात कुत्र्याचं जास्त आहे. ज्याला कुत्रं आवडत नाही त्यानं तेवढं सोडून वाचावं. पण माझ्या आजारपणातून कुत्रं काढलं तर नुसत्या नळ्या आणि गोळ्या उरतात. ते तुम्हाला डॉक्टर सांगतीलच.

तलाठी

आमची वस्ती श्रीगोंद्याच्या बाजूला, चारी बाजूंनी ऊस. एका साली ऊसतोडीची टोळी राहायच्या कोप्या मोडून गेली आणि मागं पाचटात एक पिल्लू राहिलं. आमच्या मंडळींनी, म्हणजे हौसानं, ते पदरात घालून घरी आणलं. मी म्हणालो, "गाया हायत, शेळ्या हायत, कोंबड्या हायत, अन् आता ही ब्याद कशाला?"

ती म्हणाली, "तुमाला सांभाळते ना? मग ह्येला काय हुतंय!"

पिल्लू थोडं मोठं झालं आणि रोज सगळ्यांच्या बांधावर हिंडून यायला लागलं. याच्या विहिरीवर जाऊन बघ, त्याच्या गोठ्यात डोकावून बघ. आणि आपल्याला पाहिजे तेव्हा जागेवर कधी सापडायचं नाही. हौसानं नाव ठेवलं तलाठी. एकदा खरे तलाठी भाऊसाहेब पिकाची नोंद करायला अंगणात आले आणि नेमकी तेव्हाच ही आतून ओरडली, "तलाठ्या, मुडद्या, चप्पल कुठं नेऊन टाकली?" भाऊसाहेब जागच्या जागी उभे. स्वतःच्या पायाकडं बघायला लागले. शेजारचे शकूरभाई हसता हसता बाजेवरून पडायचे राहिले.

हे शकूरभाई माझ्या बांधाला बांध लागून. त्यांचा आणि माझा पाण्याच्या पाळीवरून भांडणाचा संबंध, आणि बाकी सगळ्याला एकमेकांचाच आधार. तलाठ्यानं हात चाटला की ते ओरडायचे, "अरं ए, नमाजाला निघालो हुतो, आता परत धुवायला लावलं!" आणि घरी मटण झालं की हाडं मात्र आठवणीनं आणून टाकायचे. लांबून टाकायचे, पण टाकायचे.

तलाठी चप्पल न्यायचा ती एकच. जोड कधी नेला नाही. आमच्या घरात सगळ्यांना वेगवेगळ्या चपला घालायची सवय झाली होती. हौसा शेळ्या घेऊन निघाली की हा पुढं. हौसा भाकरीला बसली की हा अंगणात आडवा. भाकऱ्या थापून झाल्यावर लाकडाच्या काठवटीत थोडं पीठ उरतंच, त्याची एक लहान भाकरी करतात, तिला आम्ही चानकी म्हणतो. लेकराला देतात नाहीतर कुत्र्याला. आमचा पोरगा दत्तू नोकरीला नगरला, सावेडीत गेला, तेव्हापासून चानकी तलाठ्याची. मोठ्या भाकऱ्या चालू असताना हा डोळे मिटून पडलेला. चानकी थापायला घेतली की उंबऱ्यापाशी हजर. मी म्हणायचो, ह्याला मोजता येतंय.

हौसा गेली काविळीनं. फार वेळ दिला नाही तिनं. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर बसून नुसता बघतोय. दत्तू म्हणाला, "आई, तात्यांला मी सांभाळीन." कावळा हलला नाही. माझ्या बहिणीनं नातीच्या लग्नाचं सांगून पाहिलं. नाही. मागं उभे असलेले शकूरभाई हळूच म्हणाले, "तात्या, तलाठ्याचं बोला की."

मी मोठ्यानं बोललो, "हौसा, तुझ्या तलाठ्याला मी शेवटपर्यंत उपाशी ठेवनार न्हाई."

कावळा उतरला. मी काही देवभोळा नाही. त्याला भूक लागली असेल. पण शब्द दिला तो दिला, आणि चारचौघांत दिला.

त्यानंतर तलाठ्याचे डोळे पांढरे पडत गेले. पुढं पुढं काहीच दिसेना. मग त्याला माझ्या आवाजावर चालवायचो. माझा आवाज मोठा, ओढ्यापलीकडं जायचा. "ये रंऽ तलाठ्याऽ" म्हटलं की तो अंधारातून सरळ रेषेत येऊन माझ्या पायाला डोकं लावायचा. भाकरी शकूरभाईंच्या घरून, जैतूनभाभींच्या हातची यायची. ती मी त्याला कुस्करून घालायचो. हौसाची काठवट भिंतीला टेकून उभी होती, तिला कोणी हात लावला नाही.

ज्या दिवशी कळलं

आवाज बसला होता. मी ज्येष्ठमध चघळला, हळदीच्या गुळण्या केल्या, आणि वर बिडी ओढली. घास अडकायला लागला तेव्हा दत्तूनं ओढून नगरला नेलं. नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासायला दिला. मग एक दिवस डॉक्टरीणबाईंनी समोर बसवलं. पोरगी माझ्या नातीएवढी. तिनं आडवळणानं काही सांगितलं नाही, त्याबद्दल तिचे उपकार.

"आजोबा, कॅन्सर आहे. बरा होण्यासारखा आहे. पण स्वरयंत्र काढावं लागेल."

"म्हंजे मुका?"

"हो. श्वाससुद्धा गळ्याला भोक पाडून तिथून घ्यावा लागेल."

मला काय सुचलं ते सांगतो, हसू नका. मी म्हणालो, "बाई, मग कुत्र्याला हाक कोन मारनार?"

दत्तू उठून उभा राहिला. "तात्या, हितं तुमच्या जिवाचं चाललंय अन् तुमाला कुत्रं सुचतंय?"

"ते आंधळं हाय दत्तू. त्येला माझा आवाज सोडून दुसरं काय हाय?"

"अन् आमाला काय हाय?" असं म्हणून तो बाहेर गेला. व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्याच्या खांद्यावरनं मला कळलं, पोरगं रडतंय. मी जन्मात त्याला जवळ घेतलं नव्हतं, तेव्हाही घेता आलं नाही. शेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "करू आपरेशन. चल, चहा पाज."

ज्यांना आज कळलं असेल त्यांना एकच सांगणं. पहिल्या दिवशी मनात जे येईल ते येऊ द्या, वेड्यासारखं आलं तरी. मला मरणाची भीती नंतर वाटली. आधी कुत्र्याची वाटली.

वार्डात

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सूनबाई, सुरेखा, मोबाईल घेऊन आली. मितभाषी बाई. म्हणाली, "तात्या, ह्यात हाक मारा. शकूरचाचांना पाठवते. ते रोज संध्याकाळी तलाठ्याला ऐकवतील, म्हणजे तो जेवेल."

हे मला सुचलं नव्हतं, दत्तूला सुचलं नव्हतं. मी खाटेवर बसून, जेवढा आवाज उरला होता तेवढा काढून ओरडलो, "ये रंऽ तलाठ्याऽ!" सगळा वार्ड माझ्याकडं बघायला लागला. शेजारच्या खाटेवरचे पाथर्डीकडचे पावणे म्हणाले, "कंचा तलाठी? हितं हाय का? माझंबी सात-बाराचं काम अडलंय."

लोकांच्या तोंडात अशा वेळी देवाचं नाव असतं. माझ्या तोंडात तलाठी होता.

शुद्धीवर आलो तर नाकात नळी, गळ्याला भोक, भोकातून घर्रघर्र. ओरडायला गेलो तर नुसती हवा. ती भीती काय असते हे लिहून कळणार नाही. विहिरीत पडलोय आणि वर माणसं बोलताना दिसतात, असं. सिस्टरनी हातात पाटी दिली, लहान पोराची असते तशी. मी पहिलं लिहिलं: जेवला का. सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला नळीतून देणार आहोत." मी मान हलवली. दत्तूला कळलं. त्यानं तिथंच शकूरभाईंना फोन लावला आणि माझ्या कानाला धरला.

"तात्या, जेवला बरं का! तुमचा आवाज लावला की पळत आला. लई हुशार."

मला रडता येत होतं, एवढं ऑपरेशननं ठेवलं होतं. रडलो की गळ्यातलं भोक शिट्टी वाजवायचं. पावणे म्हणाले, "तात्या, कुकर झाला तुमचा." मेल्याचं स्वतःचं ऑपरेशन व्हायचं होतं, तरी मला हसवायचा.

रोजचं रुटीन सांगतो, म्हणजे नवं वाटणार नाही. सकाळी सिस्टर भोकातला कफ मशीननं ओढून काढतात. जीव जातोय असं वाटतं, जात नाही. मग पट्टी, मग नळीतून पेज. वार्डातल्या मावशी आरसा घेऊन आल्या नाहीत, मीच मागितला. भोक बघितलं आणि आरसा उलटा केला. दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ बघितलं. मग सवय झाली. आंघोळीला तेवढं सांभाळा, भोकात पाणी जाऊ देऊ नका. आणि एक कोणी आधी सांगत नाही, ते मी सांगतो. नाकानं श्वास बंद झाला की वाससुद्धा जातो. फोडणीचा नाही, मातीचा नाही, कशाचा नाही.

पुढं शेक, म्हणजे मशीनचे किरण, घेण्यासाठी दत्तूकडं सावेडीत राहिलो. गळा आतून सोलून निघाला. पाणी गिळायचं म्हणजे काटे गिळायचे. सुरेखा वरणाचं पाणी गाळून, गार करून द्यायची आणि मी गिळेपर्यंत दुसरीकडं बघायची. ती दुसरीकडं बघायची, हे तिचं मोठेपण.

तलाठ्याचं मात्र बिनसलं होतं. शकूरभाईंनी फोनवर खरं ते सांगून टाकलं. थोडे दिवस तो मोबाईलच्या आवाजावर आला. मग आवाज ऐकला की मोबाईलच्या मागं, भाईंच्या पाठीमागं, बाजेखाली मला हुडकायचा. मग आवाज लावला की डांबरी सडकेकडं निघायला लागला. एका संध्याकाळी उसाच्या ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचला.

"तात्या, राग मानू नका, पन मी आता ते लावत न्हाई," शकूरभाई म्हणाले. "मुक्या जिवाला असं फसवायचं, मला न्हाई जमत. हातानं भरवतो. खाईल तेवढं खाईल." म्हणजे आता नमाजाआधी परत परत हात धुणं आलंच.

दत्तू म्हणाला, हितंच राहा. मी पाटीवर लिहिलं: शब्द दिलाय. दत्तू म्हणाला, "कुत्र्याला दिलेला शब्द!" मी पुसून लिहिलं: तुझ्या आईला. मग त्यानं शेक संपल्यावर स्वतः गाडी करून मला वस्तीवर आणून सोडलं.

खालून मी, वरून दुसराच

तलाठी अंगणात होता. हाडं निघाली होती. गाडीच्या आवाजानं उठला. मी जवळ गेलो. त्यानं माझे पाय हुंगले, शेपटी हलली. माझा ऊर भरून आला, आणि माझ्या गळ्यातून घर्र असा आवाज निघाला. तो एकदम मागं सरकला आणि भुंकायला लागला. भुंकला तो असा, की चोरावरसुद्धा कधी असा भुंकला नसेल.

लोक म्हणतात, कुत्रं वासावर ओळखतं. ओळखत असेल. पण माझा म्हणून जो वास होता, बिडीचा, शेणाचा, घामाचा, तो दवाखान्यात धुऊन गेला होता. अंगाला मलम, औषध. त्याच्या हिशेबानं पाय माझे होते आणि वर कोणी दुसराच उभा होता.

टाळी वाजवली तर लांब गेला, कारण आमच्या घरात टाळी म्हणजे कोंबड्या हाकलायच्या. दत्तूनं गळ्याला लावून बोलायचं मशीन आणलं होतं. ते लावून "तलाठ्या" म्हटलं तर बिघडलेल्या स्पीकरसारखा आवाज आला आणि हा बाजेखाली जाऊन बसला. मी ताटली ठेवायचो. मी लांब गेलो की दोन घास खायचा, माझी चाहूल लागली की ताटली सोडून निघून जायचा. दिवसेंदिवस वाळत चालला.

कॅन्सरनं मला जे केलं नाही ते त्या भुंकण्यानं केलं. मी शकूरभाईंना पाटीवर लिहून दिलं: तुमच्याकडं न्या त्याला. माझ्यामुळं मरंल.

भाईंनी वाचलं, पाटी खाली ठेवली. "नेतो म्हनलं तर येतोय का त्यो? उंबरा सोडीत न्हाई. तुमच्यावर भुंकतोय, पन घर तुमचंच राखतोय."

काठवट

त्या दिवशी जैतूनभाभींना ताप होता. भाकरी आली नाही. गळ्यातून आता भाकरीचा दुधातला काला उतरायला लागला होता, आणि कुत्र्यालाही काहीतरी घालायला पाहिजे होतं. मी भिंतीची काठवट आडवी केली. कोळ्याची जाळी पुसली. बाजरीचं पीठ घेतलं, गरम पाणी ओतलं, हात भाजला. मळलं. हौसाला हजार वेळा बघितलं होतं. बघणं वेगळं.

पहिली भाकरी थापताना तुटली. दुसरी तव्यावर टाकली आणि तिसरी थापत बसलो, तर घरात धूर. मला वास येतच नाही ना! भाकरीचा कोळसा झालेला. तिसरी कशीबशी भाकरीसारखी दिसली. दार उघडंच होतं. तलाठी अंगणात पडला होता, डोळे मिटून. हलला नाही. मी त्याला बोलवायला म्हणून काही करतच नव्हतो. आवाजाचं माझ्या डोक्यातही नव्हतं.

पीठ उरलं. जराच. टाकवेना, म्हणून त्याचा गोळा केला आणि थापायला घेतला. मोठ्या भाकरीला हात सावकाश पडतो, धप, धप. लहान गोळा दोनच बोटांच्या टोकांनी फिरवावा लागतो. त्याचा आवाज वेगळा, भरभर, टपटप टपटप. हे मला तेव्हा ऐकू आलं. इतकी वर्षं त्या घरात जेवलो, तेव्हा ऐकू आलं.

मान वर केली तर तलाठी उंबऱ्यापाशी उभा.

मी हात थांबवला. त्यानं कान टवकारले. मी परत टपटप केलं. तो आत आला. भिंतीला अंग घासत, चुलीच्या उबेकडं, नेमका हौसा बसायची तिथं. त्यानं माझा गुडघा हुंगला, हाताचं पीठ चाटलं. माझ्या गळ्यातून घर्र झालं, तसा दचकला. मी टपटप चालूच ठेवलं. तो बसला. मग डोकं माझ्या मांडीवर ठेवलं.

चानकी करपली होती. त्यानं सगळी खाल्ली.

त्यानंतर

त्यानंतर मी रोज भाकरी केली. शेतात असलो तरी पत्र्याच्या डब्यावर बोटांनी टपटप करायचो आणि तलाठी बांधावरून सरळ माझ्याकडं यायचा. तीच माझी हाक. मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, गाठ परत दिसत नाही, आणि वजनही वाढलंय. काय खाता?" मी पाटीवर लिहिलं: करपलेली भाकर. ती हसली. तिचा हात चांगला आहे. जे हे वाचत असतील त्यांनी पळून जाऊ नये. आवाज जातो. माणूस राहतो.

माझ्यावर उपकार लई जणांचे. सिस्टरांचे, मावशींचे, भिंतीकडं तोंड करून रडलेल्या दत्तूचे, दुसरीकडं बघणाऱ्या सुरेखाचे. पाथर्डीच्या पावण्यांचं ऑपरेशनही नीट झालं, ते आता मला मोबाईलवर नुसत्या शिट्ट्या पाठवतात.

तलाठी गेल्या महिन्यात गेला. म्हातारा झाला होता. दुपारी चुलीपाशी झोपला होता, तो उठला नाही. पोटात चानकी होती. शेवग्याखाली खड्डा मी आणि शकूरभाईंनी काढला. त्यानंतर मी चूल पेटवली नाही. दूध पिऊन पडून राहिलो.

तर शकूरभाई आले. उंबऱ्यात बसले, बरोबर त्याच्या जागेवर. म्हणाले, "तात्या, काठवट वाजंना तुमची. रोज वाजली की मी म्हनतो, म्हातारा हाय. काल न्हाई, आज न्हाई. मला काय समजायचं?"

मी उठलो, काठवट आडवी केली. भाई नुसते बसून होते. भाकरी झाली. पीठ उरलं. कितीही मापून घेतलं तरी उरतंच. मी बघत राहिलो त्या पिठाकडं. मग गोळा केला आणि थापला. टपटप टपटप. भाजली आणि भाईंच्या हातावर ठेवली.

त्यांनी एक घास तोडला, चावला आणि तोंड वाकडं केलं. "तात्या, करपलीय की ओ!"

मी पाटी ओढली आणि लिहिलं: तलाठी कधी बोलला न्हाई.

शकूरभाई वाचून हसले. हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, चानकी मोडली, अर्धी मला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली.